नवा स्क्रोल सॉ रेघ सोडतोय, ब्लेड तोडतोय: परत करायच्या आधी काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 16 इंची, वेग कमी-जास्त करता येणारा नवा स्क्रोल सॉ (बारीक ब्लेड खाली-वर चालवून नक्षी कापणारी करवत) घेतलात. सोबत आलेली पिनवाली ब्लेडं लावून 18 मिलिमीटरचं सागवान कापताय. रेघ सुटते, कड तिरकी येते, ब्लेडं पटापट तुटतात आणि टेबल थरथरतं. करायच्या आहेत देवघराच्या जाळ्या आणि मराठी नेमप्लेट. मशीन परत करावं की आपलंच काही चुकतंय, हे तुम्हाला हवंय.

या चार तक्रारी आहेत आणि चौघींचं कारण एकच असेल असं धरून चालू नका. मशीन चांगलं की वाईट, हा प्रश्न दोन दिवस बाजूला ठेवा. आधी हे वेगळं करायचं आहे की दोष जुळणीत आहे, ब्लेडमध्ये आहे की लाकूड पुढे सारणाऱ्या हातात. परत करायची मुदत चालू असेल तर हे काम याच आठवड्यात उरका, कारण तपासणी बिनखर्चाची आहे आणि फारसा वेळही खात नाही.

माझा अंदाज आधीच सांगून टाकतो. तुमच्या त्रासातला मोठा वाटा त्या फुकट आलेल्या ब्लेडांचा आहे. डब्यातून जी ब्लेडं येतात ती मशीन चालतंय एवढं दाखवण्यापुरती असतात. सागवानात त्यांच्यावर मशीनची पारख करणं अन्यायाचं आहे.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. तुमचं मशीन कोणत्या बनावटीचं आहे, क्लॅम्पला, म्हणजे ब्लेडचं टोक धरणाऱ्या पकडीला, डावी-उजवी हालचाल देणारा स्क्रू आहे की नाही, टेबल बिडाचं आहे की दाबलेल्या पत्र्याचं, यावर खालच्यातल्या काही गोष्टी अवलंबून आहेत. पण तपासायचा क्रम बदलत नाही: ब्लेड, मग ताण, मग टेबलचा काटकोन, मग थरथर, आणि सगळ्यात शेवटी हात. हा क्रम उलटा केला की माणूस टेबल ठोकत बसतो आणि दोष ब्लेडमध्येच राहतो.

ब्लेडपासून सुरुवात करू. स्क्रोल सॉचं ब्लेड 5 इंच लांब असतं. त्यात दोन जाती. एकाच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, दुसऱ्याची टोकं नुसती सपाट. पिनवालं बसवायला सोपं, पण ती पिन आत जायला साधारण 5 मिलिमीटरचं भोक लागतं, आणि पिन बसवायची म्हणून ब्लेडही रुंद आणि जाड ठेवावं लागतं. जाळीतल्या बारीक कोपऱ्यात ते वळत नाही. तुम्ही वळवायचा प्रयत्न करता, ब्लेड पिळलं जातं, आणि तुटतं. सपाट टोकाचं 5 नंबरचं ब्लेड जेमतेम 1 मिलिमीटर रुंद आणि 0.4 मिलिमीटर जाड असतं. त्याला दीड मिलिमीटरचं भोक पुष्कळ झालं.

तेव्हा पहिलं काम: तुमचं मशीन सपाट टोकाचं ब्लेड धरतं का ते पाहा. 16 इंची वर्गातल्या बऱ्याच मशिनांसोबत त्यासाठी दोन छोटे अडॅप्टर येतात. डब्याच्या तळाशी ॲलन कीच्या पिशवीत पडलेले असतात आणि लोक ते थर्माकोलबरोबर फेकून देतात. शोधा. मशीन फक्त पिनचंच ब्लेड घेत असेल आणि अडॅप्टर मिळतच नसतील, तर जाळीकामासाठी हे मशीन तुमचं नाही. मग ते कितीही चांगलं चालत असो, परत करा.

नंबर जितका लहान तितकं ब्लेड बारीक. 6 मिलिमीटरच्या प्लायला मी 2 किंवा 3 नंबर लावतो, 12 ते 18 मिलिमीटरच्या सागवानाला 5 किंवा 7, आणि त्याहून जाड असेल तर 9. तुम्ही 5 नंबरचं एक डझन आणि 7 नंबरचं एक डझन घ्या, बाकी मोह आवरा. दातांमध्ये 'स्किप टूथ' म्हणजे एक दात सोडून एक दात असलेलं घ्या. मधल्या जागेतून भुसा बाहेर पडतो आणि लाकूड कमी जळतं. 'रिव्हर्स टूथ' नावाच्या ब्लेडला खालचे काही दात उलटे, वरच्या दिशेने असतात. त्यामुळे प्लायच्या खालच्या बाजूचे तुसे निघत नाहीत. पण ते बसवताना एक गोष्ट बघावी लागते: मशीन हाताने फिरवून ब्लेड सगळ्यात वर आणलं की दोन-तीन उलटे दात टेबलच्या पातळीच्या वर दिसले पाहिजेत. एकही दिसत नसेल तर त्या दातांचा उपयोग शून्य. जास्तच दिसत असतील तर ब्लेड लाकूड उचलून आपटतं. मग खालचं टोक थोडं कापून ब्लेड खाली बसवायचं.

सर्पिल, म्हणजे चहूबाजूंनी दात असलेलं ब्लेड सध्या विसरा. लाकूड न फिरवता कुठल्याही दिशेला कापता येतं म्हणून नवशिक्यांना ते फार आवडतं, पण काप रुंद आणि कड खरखरीत येते, आणि सरळ रेघ त्याच्याने ठेवणं अनुभवी हातालाही जड जातं.

ब्लेडं मिळत नाहीत ही तक्रार बरेच जण करतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी इथे विचारून बघा. आणखी एक वाट आहे. सोनार जाळीकामाला जी नाजूक करवतीची पाती वापरतात तीही साधारण 5 इंचांचीच आणि सपाट टोकाची असतात, त्यामुळे स्क्रोल सॉला बसतात. झवेरी बाजाराच्या आसपास सोनारी हत्यारांच्या दुकानांत ती डझनावर मिळतात. पातळ प्लाय, पितळेची पट्टी, ॲक्रिलिक यांना उत्तम. 18 मिलिमीटर सागवानाला मात्र ती लावू नका; दात बारीक आणि जवळजवळ असल्यामुळे भुसा अडकतो आणि काप पुढेच सरकत नाही.

आता ब्लेड बसवणं. नव्या ब्लेडला गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तो न पुसता क्लॅम्पमध्ये घातलं की ब्लेड निसटतं, आणि माणूस पकडीने स्क्रू पिळायला लागतो. पिळू नका, क्लॅम्पचे आटे जातील. ब्लेडची दोन्ही टोकं थिनरच्या फडक्याने पुसा, 220 नंबरच्या पॉलिश पेपरवर एकदा घासा. क्लॅम्पच्या आतही कापडाची पट्टी फिरवा. स्क्रूचं टोक दबून पसरलं असेल तर कानशीने सपाट करा. एवढं केल्यावर बोटांनी आवळलेला स्क्रू पुरतो. दात पुढे, तुमच्याकडे, आणि टोकं खाली. शंका असेल तर मशीन बंद ठेवून दातांवरून बोट हलकेच खालून वर न्या. ते अडखळलं तर ब्लेड बरोबर लागलंय.

ताणाबद्दल लोक फार घाबरतात आणि ढिलंच ठेवतात. ब्लेड तुटण्याचं हे एक मोठं कारण आहे, कारण ढिलं ब्लेड लाकडात वाकतं आणि वाकून वाकून थकतं. ताण दिल्यावर ब्लेड बोटाने छेडा. तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ, टिकणारा सूर निघाला पाहिजे. 'थप्' असा मेलेला आवाज आला तर आणखी ताणा. मग बोटाने मधोमध बाजूला दाबा. 3 मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. 2 नंबरसारख्या बारीक ब्लेडला थोडा कमी ताण, 7 नंबरला जास्त. ताणाच्या खटक्यावर छापलेले आकडे बघू नका, कानाने ठरवा. आठवडाभरात कान तयार होतो.

आता तुमच्या तुटलेल्या ब्लेडांकडे वळू. ती फेकली नसतील तर काढून बघा. सगळी क्लॅम्पच्या तोंडाशी तुटली असतील तर वरचा आणि खालचा क्लॅम्प एका ओळंब्यात नाहीत, किंवा ब्लेड त्यात तिरकं धरलं गेलंय. प्रत्येक झटक्याला तिथेच मुरडतं. मधोमध तुटली असतील तर ब्लेड बोथट झालंय किंवा तुम्ही जोर लावताय. सागवानात सिलिका असते, म्हणजे वाळूच म्हणा ना. त्यामुळे रंध्याची पाती सागवानात लवकर मरतात हे कोणताही सुतार सांगेल, आणि या एवढ्याशा ब्लेडचं काय होत असेल याचा विचार करा. 18 मिलिमीटर सागवानात पंधरा-वीस मिनिटं सलग कापल्यावर ब्लेड बदलावं लागलं तर त्यात मशीनचा दोष नाही. प्लायमधला डिंकही तसाच धार खातो. ब्लेड ही पॉलिश पेपरसारखी संपणारी वस्तू आहे, ती वाचवायला गेलात की लाकूड जळतं आणि रेघ जाते.

क्लॅम्प तपासायची रीत सोपी आहे. प्लग काढा. मोटरच्या मागचं चाक हाताने सावकाश फिरवा आणि समोरून बघा. ब्लेड खाली-वर जाताना डावीकडे-उजवीकडे झुलतंय का? झुलत असेल तर बहुतेक मशिनांत क्लॅम्पच्या एका बाजूला अंगठ्याचा स्क्रू आणि दुसऱ्या बाजूला ॲलन कीचा छोटा स्क्रू असतो. तो छोटा स्क्रू आत-बाहेर केला की ब्लेड बाजूला सरकतं. वरचा आणि खालचा सारखा आला की झुलणं थांबतं. मग बाजूने उभे राहून बघा. ब्लेड खाली जाताना किंचित पुढे आणि वर जाताना मागे सरकेल. ब्लेड धरणारा दांडा, म्हणजे आर्म, एका खिळीवर फिरतो म्हटल्यावर एवढं होणारच, आणि बिघडत काही नाही. काही मशिनांत मोटरचे बोल्ट सैल करून तीही हालचाल कमी करता येते, पण नव्या कोऱ्या मशीनची मोटर तुम्ही हलवू नका. वॉरंटी जाईल आणि फायदा फारसा नाही.

टेबलचा काटकोन. टेबलखाली अंशांची पट्टी आणि एक काटा असतो, तो शोभेचा समजा. छोटा 2 इंची गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) ब्लेडला लावून अंदाज घ्या, पण खरी परीक्षा अशी: दीड-दोन इंच जाड ठोकळा घ्या, त्याच्या कडेला जेमतेम 2-3 मिलिमीटर खोल काप घ्या आणि मशीन बंद करा. ठोकळा तसाच, तीच बाजू टेबलावर ठेवून, ब्लेडच्या मागे फिरवून आणा आणि तो काप ब्लेडच्या पाठीवर सरकवून बघा. ब्लेड अलगद आत शिरलं तर टेबल काटकोनात आहे. वर किंवा खाली अडलं तर नाही. ठोकळा उलटा फिरल्यामुळे चूक दुप्पट होऊन दिसते, म्हणून गुण्यात न दिसणारा फरकही इथे पकडला जातो. टेबल थोडं कलवा, पुन्हा काप, पुन्हा बघा. जमलं की काटा शून्यावर आणून ठेवा. म्हणजे निदान तुमच्यापुरता तो खरा होईल.

हे सगळं झाल्यावर कापलेल्या तुकड्याची कड वाचायला शिका, कारण पुढे कायम हेच कामी येणार आहे. 18 मिलिमीटरच्या तुकड्याच्या कडेला गुण्या लावा. कड वरपासून खालपर्यंत एकसारखी कललेली असेल तर टेबल चुकलंय. वर आणि खाली बरोबर, पण मध्ये फुगलेली किंवा पोखरलेली असेल तर ब्लेड लाकडात वाकलंय: ताण कमी आहे, धार गेलीय किंवा तुम्ही ढकलताय. कड काटकोनात आहे पण काप रेघेपासून दर वेळी एकाच बाजूला पळतो, तर ती ब्लेडची खोड. आणि कधी इकडे कधी तिकडे पळत असेल तर तो हात आहे, आणि त्याला फक्त सराव.

त्या खोडीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच बहुतेक लोक मशीनला शिव्या घालतात. पोलादाच्या पट्टीत दात पाडताना एका बाजूला बारीक खरखर राहते. ती बाजू जास्त कापते, म्हणून ब्लेड तिकडे ओढ घेतं. बहुतेक सगळ्या स्वस्त-मध्यम ब्लेडांना हे असतं. फळी टेबल सॉवर सरळ सारतात तशी इथे सारून चालत नाही. तुकडा चार-पाच अंश तिरका धरूनच सारावा लागतो. किती आणि कुठल्या बाजूला, ते ब्लेडागणिक बदलतं. नवं ब्लेड लावलं की टाकाऊ तुकड्यावर पेन्सिलची एक सरळ रेघ मारून कापा आणि तुकडा आपोआप कोणत्या कोनात स्थिरावतो ते पाहा. तोच कोन त्या ब्लेडचा. खोड फारच असेल तर मशीन कमी वेगात चालू ठेवून खरखरीच्या बाजूला बारीक ऑइल स्टोन क्षणभर, अगदी हलका टेकवा. ब्लेडच्या पाठीच्या दोन कडाही तशाच मारल्या तर ते गोल वळणात छान फिरतं. हे करताना चष्मा लावा. ब्लेड तुटलं तर तुकडा उडतो.

हाताचं म्हणाल तर लाकूड ढकलायचं नाही, ब्लेडला भरवायचं. दोन्ही हातांची बोटं सपाट, दाब मुख्यतः खाली टेबलाकडे, पुढे फक्त ब्लेड जेवढं खाईल तेवढं. कोपऱ्यावर आलात की पुढे सारणं थांबवा, ब्लेड चालू राहू द्या, तुकडा ब्लेडच्या पाठीला टेकेल इतका किंचित स्वतःकडे ओढून जागच्या जागी वळवा, मग पुढे जा. दातांच्या बाजूला दाब देऊन वळवलंत की कोपरा गोल होतो. सागवानावर एकदम सुरू करू नका. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी पूर्वापार पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची होत आली ती काही उगाच नाही. मऊ लाकूड हत्याराशी भांडत नाही. पांगारा न मिळाल्यास पॅकिंगच्या खोक्याचं पाइन चालेल, फक्त खिळे बघून घ्या. त्यावर जाड मार्करच्या नागमोडी रेघा मारा आणि रेघेच्या मधून जात राहा.

वेगाबद्दल एकच नियम नाही. अशी मशिनं साधारण मिनिटाला 400 ते 1600 झटके देतात. मऊ लाकडाला आणि सरळ कापाला जास्त, बारीक वळणांना कमी, ॲक्रिलिकला फारच कमी, नाहीतर ते वितळून कापामागेच पुन्हा चिकटतं. सागवान किंवा शिसव जळून काळं पडत असेल तर वेग थोडा उतरवा, ब्लेड बदला, आणि नक्षीच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवा. टेपमुळे जळणं खरंच कमी होतं. ब्लेडला तिचं वंगण मिळतं असं म्हणतात. कारण काही असो, मी टेपशिवाय शिसव कापत नाही.

थरथर. स्क्रोल सॉ हलतोच, कारण आत एक आर्म मिनिटाला हजारदा दिशा बदलतोय. मशीन तुमच्या टेबलावर नुसतं ठेवलंय की बोल्टने कसलंय? लाइटवेट टेबलावर ठेवलं असेल तर तुमची चौथी तक्रार तिथेच संपते. जड स्टँड किंवा भिंतीला लावलेलं ओटावजा बाक घ्या, बोल्ट लावा, खाली रबराची शीट द्या. जमीन ओबडधोबड असेल तर तीन पायांचा स्टँड सरस, तो कधी डुगडुगत नाही. स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवली की फरक लगेच कळतो. आणखी एक: प्रत्येक मशीनचा एखादा असा वेग असतो जिथे ते सगळ्यात जास्त थरथरतं. डायल हळूहळू फिरवून तो शोधा आणि तेवढा टाळा. बोल्ट कसूनही, सगळ्याच वेगांत पाण्याचा पेला हिंदकळेल इतकं हलत असेल तर आत काहीतरी सैल किंवा वाकडं आहे.

टेबल गुळगुळीत हवं. कारखान्यातून आलेल्या टेबलावर घासण्याचे बारीक ओरखडे असतात, त्यात लाकूड अडखळतं आणि ते अडखळणं रेघेत दिसतं. 400 नंबरचा पेपर ठोकळ्याला गुंडाळून हलका हात मारा, पुसा, फर्निचरचं वॅक्स लावून चोळा. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका. तो लाकडाला लागला तर पुढे पॉलिशला डोळे, म्हणजे गोल खळगे, पडतात. टेबलच्या मधलं भोक मोठं असेल तर छोटे तुकडे त्यात पडतात. सनमायकाचा एक तुकडा घ्या, मधे ब्लेडपुरतं भोक पाडा, दुहेरी टेपने टेबलावर चिकटवा. जाळीचे नाजूक पूल खालून आधार मिळाल्यामुळे तुटत नाहीत.

लाकूड दाबून धरणारा पाय ठेवावा की काढावा, यावर दोन तट आहेत. मी काढून टाकतो, कारण त्याच्या आडून रेघ दिसत नाही. तुम्ही पहिले काही आठवडे ठेवा. वळणावर ब्लेड तुकडा उचलतं तेव्हा पायाचा उपयोग होतो, आणि हाताचा खालचा दाब जमला की तो तुम्हाला आपोआप नकोसा होईल.

भुशाबद्दल मशीनच्या फुंकणीवर (रेघेवर हवा मारणारी नळी) विसंबू नका. ती रेघ साफ करते आणि भुसा तुमच्या तोंडावर उडवते. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत कर्करोगकारक म्हणून आहे, आणि शिसवाची धूळ तर अनेकांच्या नाकाला आणि कातडीला त्याच दिवशी झोंबते. एन 95 मास्क आणि जमल्यास टेबलखाली व्हॅक्यूमची नळी.

आता नेमप्लेट, कारण तिथे देवनागरी स्वतःचे प्रश्न घेऊन येते आणि इंग्रजी व्हिडिओत त्यांची उत्तरं नसतात. शिरोरेषा ही तुमची सगळ्यात मोठी सोय आहे. अख्खं नाव एका तुकड्यात निघतं. पण लाकडाचे रेषे कुठल्या दिशेला ठेवाल? आडवे ठेवले तर शिरोरेषा भक्कम होते, पण काने उभे, म्हणजे रेषांना आडवे येतात आणि कटकन तुटतात. उभे ठेवले तर काने टिकतात, शिरोरेषा मोडते. जाड सागवानात, 3 इंचांपेक्षा मोठ्या अक्षरांत हे निभावतं, आणि तेव्हा रेषे आडवेच ठेवा. लहान अक्षरांसाठी सरळ 9 किंवा 12 मिलिमीटरचा चांगला प्लाय घ्या, त्यात थर उलटसुलट असल्याने हा प्रश्नच राहत नाही. किंवा अक्षरं मागे फळीवर चिकटवायचीच असतील तर आधी चिकटवण्याची तयारी करून मग पातळ भाग कापा.

क, ब, व यांचे बंद पोकळ भाग, आणि शिरोरेषेमुळे बंद होणारी प आणि म यांची पोटं, ही सगळी आधी कापायची. प्रत्येकात ड्रिलने भोक, ब्लेड वरून सोडायचं, ओवायचं, कापायचं, काढायचं. बाहेरची कड सगळ्यात शेवटी, कारण तोवर धरायला भरपूर लाकूड हातात राहतं. याच ठिकाणी पिनवालं ब्लेड पूर्ण नापास होतं: लहान 'व'च्या डोळ्यात 5 मिलिमीटरचं भोक पाडलं की तो डोळा न राहता नुसतं भोक उरतं. ध आणि भ यांना शिरोरेषेत खंड असतो, तिथे नाव दोन तुकड्यांत पडू शकतं, तेव्हा कागदावरच आधीच्या अक्षराशी खालून एखादा जोड काढून घ्या. अनुस्वाराचं टिंबही सुटं पडतं. ते शिरोरेषेला किंचित टेकवून काढा किंवा वेगळं कापून फळीवर लावा. वेलांटी आणि रफार लफ्फेदार फाँटमध्ये छान दिसतात आणि पहिल्या धक्क्याला तुटतात. कापायच्या नक्षीत त्यांची जाडी कान्याच्या निम्म्यापेक्षा कमी करू नका.

एकासारख्या चार जाळ्या हव्या असतील तर 6 मिलिमीटरचे चार तुकडे एकमेकांवर दुहेरी टेपने चिकटवून एकदमच कापता येतात. मात्र टेबलचा काटकोन थोडाही चुकला असेल तर वरची जाळी आणि खालची जाळी वेगवेगळ्या मापाची निघते. म्हणून थप्पी कापायच्या आधी ठोकळ्याची परीक्षा दर वेळी.

देखभालीत फार काही नाही. बेअरिंग बंद पद्धतीची असतील तर तेल नको, आर्मच्या सांध्यांना तेलाची भोकं असतील तर माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे थेंब-दोन थेंब. पावसाळ्याकडे मात्र लक्ष द्या. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर जून ते सप्टेंबर बिडाच्या टेबलावर एका रात्रीत गंज चढतो. काम झालं की वॅक्सचा हात आणि वर सुती चादर. प्लास्टिक झाकू नका, आत ओल धरते. ब्लेडं झाकणाच्या नळीत, सिलिका जेलच्या पुडीसकट. प्लग तीन पिनांचाच आणि अर्थिंग तपासलेलं हवं, ओल्या दिवसांत हे विसरायचं नाही.

असाच प्रश्न आणखी एक जण विचारत होते, त्यांच्या नातेवाइकांनी अमेरिकेतून मशीन आणलंय. ते 120 व्होल्टचं असणार. थेट आपल्या 230 व्होल्टला लावलं तर जळेल. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो व्होल्टेज उतरवतो, 60 हर्ट्झची वारंवारता देत नाही. साधी इंडक्शन मोटर असेल तर ती आपल्याकडे सुमारे सहाव्या हिश्श्याने हळू चालेल. स्क्रोल सॉला तेवढं चालून जातं, पण मोटर गरम होतेय का यावर लक्ष ठेवा.

परत कधी करायचं? क्लॅम्प जुळवण्याची सोयच नाही आणि ब्लेड डावी-उजवीकडे झुलतंय. टेबलला तडा आहे किंवा ते खळग्यासारखं वाकलंय, सरळ पट्टी ठेवली की खालून उजेड दिसतो. वेगाचा डायल फिरवूनही वेग बदलत नाही. आर्मच्या मुळाशी हाताने हलवल्यावर खेळ जाणवतो. किंवा सपाट ब्लेड लागतच नाही. यातलं एकही असेल तर मुदतीत परत करा आणि दुरुस्तीच्या आश्वासनावर थांबू नका. चाक हाताने फिरवताना ब्लेड झुलतंय किंवा पट्टीखालून उजेड दिसतोय, याचा छोटा व्हिडिओ काढून विक्रेत्याला पाठवा. "थरथरतं" एवढंच लिहिलं तर ते तुम्हाला बोल्ट कसायला सांगतील. यातलं काहीच नसेल तर मशीन ठेवा, आणि 5 नंबरच्या ब्लेडांची ऑर्डर आजच द्या. ती येईपर्यंत स्टँडला बोल्ट मारून होतील.